वॉर्डातलं घरात नाही

१९ एप्रिल. आज पाण्याची पाळी. पहाटे नळात हवा फुसफुसली तशी उठले, हंडे, कळशा, पिंप, रिकामे डबे सगळं भरून घेतलं. आता वरच्या टाकीला मोटर लावलीय, ती भरेपर्यंत लिहायला बसलेय. सोलापुरात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना पाण्याची पाळी समजावून सांगायला नको. ज्यांचं गेलं नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी बायका नळाजवळ जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. कळशी भरायला वेळ लागतो, हात रिकामे असतात, आणि पाण्याच्या आवाजात आपलं बोलणं पलीकडे जात नाही असं प्रत्येकीला वाटतं.

लोक मला धीट समजतात. अपघात विभागात इतकी वर्षं काढल्यावर तसं समजणारच. रक्त, आरडाओरडा, दारू पिऊन आलेले नातेवाईक, कशानं माझे हात थरथरले नाहीत. पण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या उन्हाळ्यात मी जितकी घाबरले, तितकी पुन्हा कधी नाही. तेही एका फोटोमुळे.

तेव्हा आम्ही यंत्रमागांच्या वस्तीला लागून दोन खोल्यांत राहायचो. मागच्या गल्लीत टॉवेलचे माग होते. दिवसभर खटाखट, खटाखट. पाहुण्यांचं डोकं उठायचं, आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. वीज गेली आणि माग थांबले, की मात्र आम्ही सगळे एकदम माना वर करायचो, कुणीतरी हाक मारल्यासारखे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. मूळचे मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. गावाहून ज्वारी आली की चार दाणे दाताखाली फोडून ती कुणाच्या रानातली ते सांगायचे, आणि चुकले तरी कुणी त्यांना तसं सांगायचं नाही. आई दुपारी उखळात शेंगाची चटणी कुटायची, मुठीत दाबली तर तेल सुटेपर्यंत. कडक भाकऱ्या दुरडीत उभ्या रचून ठेवायची. माझा थोरला भाऊ, दादा, श्रीपूरला साखर कारखान्यात फिटर होता. सुट्टीला यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना मळीचा वास यायचा आणि आई तो वास घेऊन म्हणायची, "आता ह्येचे कपडे धुवाय कुणीतरी आण बाबा." त्या वर्षी घरात दुसरा विषय नव्हता.

मी नर्सिंगच्या होस्टेलवर राहायचे, गावातच, आणि सुट्टीला घरी. आमच्या गल्लीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली. त्यामुळे मी घरी आले की बायका चटणी मागायच्या निमित्तानं यायच्या. अमक्याच्या सुनेला कशासाठी ठेवलंय, तमक्याचा पोरगा खरंच पडला का त्यानं काही पिलं. आमच्या ट्यूटर मॅडमनी यावर आम्हाला एक रीत शिकवली होती. बारीक अंगाच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. त्या म्हणायच्या, "मुलींनो, नुसतं गप्प बसून गुपित राहत नाही. एरवी बडबडणारी पोरगी एकाच रुग्णाबद्दल गप्प झाली की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. एक वाक्य ठरवा. रुग्णाला सर्दी असो की आणखी काही, ते वाक्य. तुमच्या वॉर्डात तो रुग्ण नसला तरी तेच वाक्य. लोक कंटाळून विचारायचं सोडतील."

माझं वाक्य होतं, "वॉर्डातलं मी घरात सांगत नाही." सगळ्यांना पाठ झालं होतं. दादा मुद्दाम विचारायचा, "सुमे, आज मेसला भाजी कसली होती?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच माझ्या आवाजात म्हणायचा, "वॉर्डातलं मी घरात सांगत नाही." आई हसून हसून पदर तोंडाला लावायची.

त्या वर्षी बायकांच्या वॉर्डात एक मुलगी दाखल झाली. तिला रत्ना म्हणते. नाव बदललं आहे, गावही बदललं आहे. मैंदर्गी म्हणते, तसंच समजा. तिला फिट यायच्या, म्हणजे आकडी. आली तेव्हा एकामागून एक येत होत्या. मी तिच्या उशाशी होते. जीभ चावल्यानं तोंडातून रक्त येत होतं, ते कुशीवर वळवून पुसत होते. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा विचारायची, "सिस्टर, कुणी बघितलं का?" किती वेळ झाला, कुठं लागलं, हे नाही. कुणी बघितलं का. तिची आई कानडी वळणाचं मराठी बोलायची. तिनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं, "लगीन व्हायचंय पोरीचं. कुटं बोलू नका, तायी." मी माझं वाक्य सांगितलं. गोळ्या लागू पडल्या आणि मुलगी घरी गेली. मी विसरूनही गेले.

पुढच्या सुट्टीला घरी आले तर मंगळवेढ्याहून आत्या आलेली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आवाज पाटलिणीचा, आणि आमच्या घरातली सगळी लग्नं तिच्या हातून जुळलेली. मी भाकरी मोडून चटणीला लावत होते. तिनं पिशवीतून फोटो काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. "बग, कशी हाय वयनी."

रत्ना होती.

चटणी तिखट लागली म्हणून पाणी मागितलं, ते नाकात गेलं. आत्या बोलतच होती. घर चांगलं, मुलगी दहावी झालेली, हात कामाचे. "फकस्त येक ऐकलं. मागं तिला दवाखान्यात ठिवली हुती म्हनं. तुझ्याच. तापबीप असंल. पर तू हायस की तितं. इचार जरा."

"वॉर्डातलं मी घरात सांगत नाही," मी म्हणाले. दादा हसला. "आलं बघा!"

"आगं पर ह्यो तुझा सख्खा भाऊ हाय!"

"भाऊ असला तरी," मी म्हणाले. पुन्हा सगळे हसले. रोजच्या सवयीनं मला वाचवलं. मी मोरीत जाऊन ताट घासत राहिले, स्वच्छ झालेलं ताट पुन्हा पुन्हा. भिंतीपलीकडे दादा फोटो उजेडाला धरून बघत होता.

त्या रात्रीपासून मी एकच हिशोब मांडत राहिले. सांगितलं तर रत्नाचं स्थळ मी मोडणार, नर्सची टोपी मिळाली त्या दिवशी मेणबत्ती धरून घेतलेली शपथ मोडणार, आणि कुणाला कळलं तर शिक्षण संपणार. नाही सांगितलं तर दादा न कळता बोहल्यावर चढणार, आणि पुढे कधी कळलं की बहिणीला माहीत होतं, तर तो माझं तोंड बघणार नाही. होस्टेलवर मुली झोपल्या की मला घरचे माग ऐकू यायचे, ते तिथून ऐकू येणं शक्य नसताना.

शेवटी मॅडमकडे गेले. नाव न घेता सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भाऊ नसता, परका असता, तर काय केलं असतंस?"

"काही नाही, मॅडम."

"मग?"

"पण भाऊ आहे."

"हो, आहे ना." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. तुझ्या जागी मीही आजारी पडले असते. पण गुपित तिचं आहे. सांगायचं असेल तर तिनं सांगायचं. तू कोण आहेस, एवढं मात्र तिला कळायला हवं. ते सांग."

रत्ना गोळ्या न्यायला बाह्यरुग्ण विभागात यायची, तो वार मला माहीत होता. तिची आई औषधाच्या खिडकीशी गेली तसं मी तिला बाकावर गाठलं.

"रत्ना, तुझा फोटो आमच्या घरी आलाय. श्रीपूरचा मुलगा. तो माझा भाऊ."

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुमी सांगितलं?"

"नाही."

"सांगणार हाय?"

"नाही."

मला वाटलं ती सुटकेचा निःश्वास टाकेल. तिनं डोकं भिंतीला टेकलं. "मग मेले मी. तुमी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, सिस्टर. आता मलाच सांगाय लागंल." आधीच्या दोन स्थळांना तिच्या आईनं सांगितलं होतं आणि दोन्ही माणसं परत आली नव्हती. आता आई म्हणत होती, लग्न झाल्यावर बघू. "पर मला तसं नको," रत्ना म्हणाली. "सासरी पडले आन् सगळी भवतीनं हुबी राहिली तर? मी सांगते. तुमच्या दादाला, सुपारी फुटायच्या आदी. मला फकस्त दोन मिंटं काढून द्या."

मी हो म्हटलं. आई येताना दिसली तशी उठून आले. हा काळ मोबाइलचा नव्हता, की दोघांनी आपापलं बोलून घ्यावं. दोन मिनिटं काढून देणं म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

बघणं, पसंती, सगळं आत्यानं माझ्या ड्युटीच्या दिवसांत उरकलं. बघायच्या कार्यक्रमात मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलत नसत, चहाचा कप देण्यापुरतं बघत. सुपारी फोडायच्या दिवशी मात्र मला नेलं. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलेलो, ऊन पेटलेलं. मी दादाच्या कानाशी म्हणाले, "दादा, आज तिच्याशी एकदा बोल. एकट्यानं." तो लाजला. आत्याचे कान तिखट. "लग्नाआदी काय बोलायचंय? लगीन झाल्यावर जल्मभर बोलत बसा."

मैंदर्गीला त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. पुरुष मांडवात, बायका आत. रत्ना हिरव्या साडीत चुलीजवळ बसली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी जवळ बसले.

"काही खाल्लंस का?"

तिनं मान हलवली. "अव्वानं नवस बोललाय. सुपारी फुटूपर्यंत निरंकार. पाणीबी न्हाय. ह्या टायमाला इघ्न नको म्हणून."

मी तिच्याजवळ सरकले. "आणि गोळी?"

"उपासाला गोळी कशी चालंल? कालपासनं न्हाय."

मी तिच्या आईला बाजूला घेतलं. गोळीनं उपास मोडत नाही, घोटभर पाण्यानं मोडला तरी चालेल, मी हात जोडून सांगते. बाई माझ्या हातांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली. "ब्याड, नको, तायी. देवीला बोललंय मी. आता थोडाच येळ." मी पुन्हा म्हणाले. ती रडायला लागली आणि कुणी बघू नये म्हणून पदराआड गेली. इथं मोठ्यानं बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं. मी रत्नाला म्हणाले, "परसात ये. मी दादाला पाठवते."

दादाला मी मांडवातून हाक मारली, हात धुवायच्या निमित्तानं. आत्या माझ्याकडे बघत होती. परसात शेवग्याच्या झाडाखाली रत्ना उभी होती, एक हात खोडाला लावून. दादा तिच्यापुढे जाऊन थांबला, काय करावं न सुचून स्वतःच्या चपलांकडे बघत. मी दारात, पाठ त्यांच्याकडे करून, कुणी येऊ नये म्हणून.

"मला तुमाला येक सांगायचंय," ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता. "माझं ऐकून घ्या, मंग न्हाय म्हणा."

मग तो आवाज आला. ज्यांनी ऐकला आहे त्यांना माहीत आहे. छातीतली सगळी हवा एकदम बाहेर पडते तसा. मी वळेपर्यंत ती खाली होती.

पुढचं सगळं मांडवानं पाहिलं. माणसं धावत आली. कुणी कांदा फोडून आणला, कुणी नाकाशी चप्पल धरली, एक म्हातारी तिच्या दातांत चमचा घालायला लागली. मी तो चमचा हिसकावून परसापलीकडे फेकला. "लांब व्हा! हात लावायचा नाही! वारा येऊ द्या!" ट्रेनी नर्सचा आवाज तो, पण इतका चढला की माझे अण्णाही दोन पावलं मागं सरले. डोक्याखाली माझी ओढणी घडी करून घातली, आकडी ओसरली तसं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं.

तिनं डोळे उघडले. माणसांच्या पायांचं रिंगण तिला दिसलं. मग मी दिसले.

"सिस्टर," ती म्हणाली, "कुणी बघितलं का?"

रिंगणातून आत्याचा आवाज आला, हळू, म्हणून जास्त भयंकर. "सिस्टर? सुमे, तू वळखतीस हिला?"

ते स्थळ तिथंच संपलं. मी उगाच दुसरं काही लिहिणार नाही. दादानं पुढल्या वर्षी दुसरीकडे लग्न केलं, सुखात आहे. मधे एकदाच त्यानं विषय काढला: "तू सांगितलं असतंस तरी मी न्हाय म्हणलो असतो, आन् बघूनबी न्हायच म्हणलो. मग तू येवढं सोसून काय मिळवलंस?" मी त्याला सांगितलं, की सांगायला तिनं स्वतः तोंड उघडलं होतं, तेवढं तिचं राहिलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. रत्ना मला बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर भेटली, दोन मुलं हाताशी. नवऱ्याला तिनं आधीच सांगितलं होतं. "त्यो म्हणला, मला बी साखर हाय, दोगं मिळून गोळ्या खाऊ." हे लिहू का, असं मी विचारलं. "लिवा की. नाव बदला फकस्त. आन् उपासाचं नक्की लिवा."

पण त्या दिवशीचं अजून संपलं नव्हतं. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, वीज गेलेली, माग बंद. आईनं कंदील लावला. अण्णांनी मला समोर बसवलं.

"तुला ठावं हुतं?"

मी मान खाली घातली.

"बोल की, भवाने!" आत्या. "भावाच्या गळ्यात धोंडा बांधत हुतो आमी, आन् तू बगत बसलीस? ही कसली बहीण! वैरीण हाय वैरीण! दवाखान्यातल्या परक्यांसाठी रक्ताचं माणूस इकलंस."

आई रडत होती, ती माझ्या बाजूनं होती की त्यांच्या, कळत नव्हतं. अण्णा म्हणाले, "उद्यापासनं जायाचं न्हाय. बास झालं शिक्षण." मॅडम, वॉर्ड, टोपी, सगळं एका वाक्यात गेलं असं वाटलं. मग दादा पुढे आला. तो ओरडला नाही. माझ्यापुढे उकिडवा बसला.

"सुमे, आता समद्यांनी बघितलंय. आता तरी सांग. दवाखान्यात काय झालं हुतं तिला? किती दिस हाय हे? डॉक्टर काय म्हणला?"

त्याला जाणून घ्यायचा हक्क होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पण जे परसात घडलं ते सगळ्यांचं होतं, आणि जे वॉर्डात घडलं ते अजून तिचंच.

"दादा, तू बघितलंस ते बघितलंस. बाकीचं तिला विचार, ती सांगेल." आणि मग, "वॉर्डातलं मी घरात सांगत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. अण्णा उठून बाहेर गेले. आत्यानं माझ्याकडे पाठ करून अंथरूण घातलं.

सकाळी पाण्याची पाळी होती. रडून डोळे सुजले म्हणून पाणी थांबत नाही. अंधुक उजाडत होतं, मी मोरीत नळाखाली हंडा लावून बसले होते. मागून आत्या आली, हातात कळशी. माझ्याकडे न बघता शेजारी बसली. हंडा भरत आला तरी उठेना.

"काल भावालाबी न्हाय सांगितलंस," ती म्हणाली.

अजून शिव्या येतील म्हणून अंग आवळून धरलं होतं.

"बापाला बी न्हाय. समद्यांनी डोळ्यानं बघितल्यावरबी न्हाय."

हंडा भरून वाहायला लागला. मी तो बाजूला घेतला, तिची कळशी नळाखाली लावली. ती आणखी जवळ सरकली आणि पाण्याच्या आवाजाखाली मला एक गोष्ट सांगितली. स्वतःची. पोरींना, सुनांना, नवऱ्याला, कुणालाच न सांगितलेली, खूप दिवस अंगावर काढलेली. सांगताना तिचा तो पाटलिणीचा आवाज एवढा बारीक झाला होता, की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. काय होतं ते मी लिहिणार नाही. ती आता नाही, पण तिच्या सुना वाचतात.

"बरं हुतंय का गं त्ये?" तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांत रत्नाच्या आईसारखीच भीती होती.

"दाखवायला पाहिजे. आजच."

तिनं कळशी उचलली, काखेला लावली आणि माजघरात जाऊन मोठ्यानं म्हणाली, "ये आण्णा, जाऊ दे पोरीला. पर येकटी न्हाय. माझा इस्वास न्हाय हिच्यावर. मीच जाती संगं, त्या मॅडमला दोन शब्द सुनावती, आन् तितनंच मंगळवेढ्याची गाडी धरती."

"वन्सं, तुमी कशाला तरास घेता?" आई म्हणाली.

"घ्याय लागतोय बाई. भाची आसली निगाल्यावर."

मी मान खाली घालून तो टोमणा सगळ्यांदेखत घेतला. अण्णा दारातून बाजूला झाले. मी गणवेशाची पिशवी उचलली, आणि आम्ही दोघी निघालो. केसपेपरच्या रांगेत मी उभी राहिले, ती बाकावर पदर ओढून बसली. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं, तेव्हा आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिला टेबलावर निजवलं, चादर अंगावर घातली, आणि बाहेरच्या रांगेतली बाई आत डोकावत होती, तिच्या तोंडावर मी पडदा ओढून घेतला.